वडाखालची पिवळी पिशवी

"अहो, पिशवीत काय आहे ते उचलायच्या आधी बघावं, एवढंही सुचू नये माणसाला?"

निसर्ग उद्यानाच्या फाटकाशी उभी राहून मी हे एवढ्या मोठ्याने विचारलं, की तिथे पाय ताणत उभ्या असलेल्या दोन बायका व्यायाम थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. विद्याधर, म्हणजे आमचे यजमान, स्कूटर स्टँडवर लावत होते. ते काम जितकं सावकाश करता येईल तितकं सावकाश त्यांनी केलं. हँडल लॉक केलं, लॉक झालं की नाही ते दोनदा ओढून पाहिलं आणि मग म्हणाले, "दोन्ही दाराजवळ होत्या."

"दोन्ही दाराजवळ होत्या! चपलाही दाराजवळ होत्या. त्या नाही आणून ठेवल्यात वडाखाली?"

हा माणूस नकाशे काढण्याच्या नोकरीत होता. कागदावर नदीचं वळण एक सूतभर इकडेतिकडे झालं तर जेवायचा नाही. घरात मात्र आंधळा कारभार.

गोष्ट अशी झाली होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सकाळी सातला गुरुजी येणार, आधी देव घरात जाणार, मग आम्ही. जुन्या घराची बांधाबांध चालू होती. काच तडकलेल्या तीन तसबिरी, हात तुटलेला प्लॅस्टरचा विठोबा आणि लक्ष्मीचे फोटो असलेली दहा वर्षांची कॅलेंडरं मी एका हिरव्या पिशवीत भरून शनिवारी दाराजवळ ठेवली. हे सगळं कचऱ्यात टाकायला कुणाचा हात होत नाही. आमच्या नाशिकच्या त्या कॉलनीत जो तो असलं काही निघालं की मागच्या निसर्ग उद्यानातल्या मोठ्या वडाखाली नेऊन ठेवायचा आणि हात जोडून मोकळा व्हायचा. विद्याधरही शनिवारी संध्याकाळी ठेवून आले.

रविवारी सकाळी सातला मी देव्हारा बांधायला घेतला आणि तांब्याचा डबा उघडला, तर रिकामा. त्या डब्यात पिवळ्या कापडी पिशवीत आमचे टाक असायचे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले बोटभर उंचीचे देव. खंडोबा, भवानी, भैरोबा आणि चौथा कोण ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. हात लागून लागून त्याचे नाकडोळे पुसले गेले होते. मी हाका मारून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा विद्याधर दाढी करता करता म्हणाले, "पिवळी? तीही नेली की काल."

माझ्या हातातला डबा खाली पडला.

त्यात सासूबाई म्हणाल्या, "मीही येते."

त्यांचं वय चौऱ्याहत्तर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी म्हटलं, "आई, तुम्ही कशाला? आम्ही पळत जाऊन बघून येतो."

"नाही, येते. जागा तरी बघू कशी आहे ती," असं म्हणून त्यांनी ठेवणीतली शाल काढली. शाल! इकडे घराण्याचे देव रस्त्यावर पडलेत आणि ह्यांना शाल सुचतेय. धक्का बसलाय त्यांना, असं मी मनाशी म्हटलं आणि रिक्षा बोलावली.

तर आम्ही फाटकाशी उभे होतो. आत शिरल्यावर मोठा फलक. उद्यान सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते सात. खाली तीन वाटांची नावं. फुलपाखरू वाट, तळ्याची वाट आणि वडाची वाट. वडाच्या वाटेपुढे कंसात लिहिलं होतं, 'सोपी, ज्येष्ठ नागरिकांसाठी, सव्वा किलोमीटर'. माझ्या घड्याळात सव्वाआठ झाले होते.

"तुम्ही पुढे व्हा," मी विद्याधरना म्हटलं. "धावत जा. पिशवी दिसली की तिथेच धरून उभे राहा. कुणी काही म्हटलं तरी सोडू नका."

ते गेले. धावत वगैरे नाही, पण गेले. मी सासूबाईंचा हात धरला आणि आम्ही त्या सोप्या वाटेला लागलो.

सोपी कसली डोंबलाची! वाट सपाट होती, दोन्ही बाजूंनी दगड लावलेले, मुरूम घातलेला, सगळं ठीक. पण दर वीस पावलांवर कुणी शहाण्याने माहितीचा फलक लावलेला आणि सासूबाई प्रत्येक फलकाशी थांबून तो मोठ्याने वाचायच्या.

"करंज. बियांचं तेल काढतात." मग झाडाकडे वर बघायचं. "हो गं, करंजच आहे."

"आई, चला ना."

"टिटवी. जमिनीवर अंडी घालते. अंडी दगडासारखी दिसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाहीत." इथे त्या हसल्या. "शहाणी आहे की नाही? मुकाट्याने दगडांत ठेवून देते."

माझा जीव टांगणीला लागलेला. ती पिशवी कुणाच्या हाती पडली असेल, कुणी चांदी ओळखून लांबवली असेल, उद्या गुरुजींना काय तोंड दाखवायचं, नातेवाइकांत काय शोभा होईल, हे सगळं डोक्यात भणभणत होतं. मी तेव्हा एका मोठ्या शाळेत पर्यवेक्षिका होते. बाराशे पोरं एका शिट्टीत रांगेत उभी करायची मला सवय. आणि इथे एक म्हातारी मला टिटवीची अंडी दाखवतेय.

प्रत्येक बाकावर त्या बसल्या. एकही बाक सोडला नाही.

"तूही बस जरा, चारू."

"आई, दहाला फाटक बंद होतं."

"एकोणीस वर्षं झाली तुला लग्न होऊन. बसलेली अशी तू मला दिसलीच नाहीस."

"बसायला वेळ कुठे असतो?" मी जरा फटकन म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या आणि शाल सारखी करून उठल्या.

चालता चालता त्यांनी हळूच विचारलं, "आणि नाही मिळाले तर?"

"असं बोलू नका. चार पिढ्यांचे टाक आहेत घराण्यातले."

"सहा."

"बघा! सहा पिढ्यांचे. आणि तुमच्या मुलाने ते कॅलेंडरांबरोबर ठेवून दिले."

"त्याला नको बोलूस," त्या म्हणाल्या. "नाही मिळाले तर नाही मिळाले. चांगल्या हातात पडले असतील."

मला त्यांची दया आली. बाईच्या मनावर परिणाम झालाय, असं वाटलं. ज्या बाईने एकोणीस वर्षांत एक रविवार भंडारा वाहिल्याशिवाय चहाचा घोट घेतला नाही, ती आता म्हणते नाही मिळाले तर नाही मिळाले! मी त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "मिळतील, आई. मी मिळवीन." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता रडतात. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "तो बघ, अजून एक फलक."

तेवढ्यात मागून विद्याधर येताना दिसले. रिकाम्या हातांनी.

"मिळाली?"

"वडच सापडला नाही," ते म्हणाले. "मी गेलो त्या वाटेने फुलपाखरं होती. फिरून परत फाटकाशीच आलो."

मी कपाळाला हात लावला. "काल आला होतात ना तुम्ही इथे?"

"काल मागच्या फाटकाने आलो होतो."

तिघं पुढे चालायला लागलो.

वड आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. चांगला ऐसपैस वड. पारंब्या जमिनीत रुतलेल्या. बुंध्यावर ठळक अक्षरांत पाटी, 'येथे देवदेवतांचे फोटो व मूर्ती ठेवू नयेत'. आणि त्या पाटीच्या बरोब्बर खाली एक दत्ताची तसबीर, एक फुटक्या सोंडेचा गणपती आणि कुणाच्या तरी लग्नातला सुकलेला नारळ. पिशवी कुठेच नाही, ना हिरवी ना पिवळी.

मी पारंब्यांमागे बघितलं, दगडांमागे बघितलं. "गेले," मी म्हटलं. "गेले आपले देव."

"ताई, काय शोधू राहिले?"

मागून एक माणूस हातगाडा ढकलत आला. पन्नाशीचा, खाकी शर्ट, डोक्याला मफलर, कपाळावर हळदीचा पिवळाजर्द पट्टा. उद्यानाचा राखणदार. नाव कारभारी, हे नंतर कळलं. त्याने हातगाड्यात दत्ताची तसबीर उचलून ठेवली आणि गणपतीही ठेवला.

मी त्याला पिशवीचं सांगितलं. तो आधी माझ्यावरच उखडला.

"पाटी वाचता येती ना तुम्हाला? शिकलेले लोक तुम्ही. काल शनवारी एका दिवसात बावीस देव आले इथं. काचा फुटत्यात, माणसाच्या पायात घुसत्यात, मुंगसाच्या पायात घुसत्यात. मी एकटा किती देवांना पुरा पडू?"

"चूक झाली," मी म्हटलं. शाळेत हे शब्द मी दुसऱ्यांकडून म्हणवून घेत असे. "पण त्यातली पिवळी पिशवी चुकून आली हो. तेवढी द्या."

तो थांबला. "पिवळी? खणाच्या कापडाची? चांदीचे टाक?"

"हो! हो, तीच! आहे ना?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग विद्याधरकडे, मग सासूबाईंकडे. "हाये," तो म्हणाला. "पण ती चुकून आलेली नाय, ताई."

"म्हणजे काय? मी सांगतेय ना चुकून आली!"

"या माझ्याबरोबर."

सासूबाई म्हणाल्या, "मी बसते इथे," आणि वडाजवळच्या बाकावर टेकल्या. विद्याधरही त्यांच्याशेजारी बसले. मी कारभारीच्या मागे गेले. वडाच्या पलीकडे अवजारांची खोली होती, पत्र्याची. आत कुदळी-फावडी, रोपांच्या काळ्या पिशव्या. एका कोपऱ्यात चौकटी वेगळ्या, काचा वेगळ्या. फोटोंचे कागद पाण्याच्या पिंपात भिजत घातलेले. तो म्हणाला, त्यांचा लगदा झाला की तो रोपांच्या खड्ड्यात घालतो आणि वर झाड लावतो. "देव कचऱ्यात नाय जाऊ देत मी. झाडाखाली घालतो." मी मान हलवली, पण माझं लक्ष समोरच्या फळीवर होतं. तिथे स्टीलच्या ताटलीत आमचे चौघे उभे होते. घासूनपुसून लख्ख, हळदीने पिवळे, पुढे दूधभाताची वाटी.

मी पुढे झाले तेव्हा तो म्हणाला, "आधी हे वाचा." आणि त्याने खिशातून वहीच्या कागदाची घडी काढून दिली. "पिशवीतच होतं."

अक्षर मी लांबूनच ओळखलं. आमच्या लोणच्याच्या बरण्यांवर तेच अक्षर होतं, तिरपं, ओळीखाली शेपट्या सोडणारं.

'ज्यांना मिळतील त्यांस नमस्कार. हे टाक चोरीचे नाहीत. आमच्या घरी सहा पिढ्या होते. माझ्यामागे आता करणारं कुणी नाही. सून नोकरी करते, घर करते, तिला आणखी भार नको. तिचा दोष नाही. जबरीने केलेलं देवालाही नको आणि मलाही नको. रविवारी भंडारा वाहावा, दूधभात दाखवावा. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा. चौथा टाक कोणाचा ते आम्हांस माहीत नाही, पण त्याला उपाशी ठेवू नये.'

मी ते दोनदा वाचलं. मग तिथल्या एका उपड्या घमेल्यावर बसले.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. सोलापूरला धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होते. नव्या घराचा नकाशा सांगत होते. देव्हाऱ्यासाठी एक अख्खा कोनाडा जातोय म्हणून माझा संताप झाला होता. मी म्हणाले होते, "सासूबाई आहेत तोवर करते बाई. पण ह्यांच्यामागे एक दिवस मी हे करणार नाही. देऊन टाकीन कुणाला तरी त्यांचे देव." सासूबाई झोपल्यात असं समजून म्हणाले होते. आणि बोलायचा आवाज तर माझा हा असा, शिट्टीचा.

एकोणीस वर्षं चंपाषष्ठीला सहा-सहा किलो वांगी मीच भाजली होती. नवरात्रात नऊ दिवस दिवा विझू नये म्हणून रात्री-अपरात्री मीच उठले होते. तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं. आणि मनात सगळं खदखदत होतं, ते सगळं त्या एका फोनमध्ये निघालं. मला स्वतःची इतकी शरम वाटली, की कारभारीसमोर तोंड वर करवेना.

तो म्हणाला, "चुकून आले असते ना ताई, तर मी घरी हुडकत आलो असतो. पण चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, हे आपल्यासाठीच आलं." मग तो जरा अवघडून बोलायला लागला. "आम्ही तिघं भाऊ. घर वायलं झालं तेव्हा देव थोरल्याकडं गेले. रीतच हाये ती. बावीस वर्षं झाली, माझ्या घरी खंडोबाचा नुसता फोटो. थोरल्याच्या दारात जाऊन दर्शन घ्यावं, तर बोलाचाली नाय. काल ही पिशवी उघडली आणि आधी पायातल्या चपला काढल्या. घरी नेली, बायकोनं घासून काढले. सकाळची राखण असती म्हणून इथंच मांडून ठेवले." मग त्याने ताटली उचलली. "पण तुमचेच हायेत. तुम्ही म्हणता तर घेऊन जा. मी धरून नाय ठेवणार."

त्याने ती ताटली माझ्यापुढे धरली. आता हा माणूस भांडला असता तर बरं झालं असतं! भांडता मला येतं. हे असं पुढे केलेलं ताट घ्यायला माझा हात होईना.

मी तशीच बाहेर आले. तो ताटली घेऊन मागून आला. बाकावर मायलेक शांत बसले होते, सहलीला आल्यासारखे.

मी आधी विद्याधरना धरलं. "पिवळी पिशवी दाराजवळ होती म्हणालात."

"होती ना. आई ती घेऊन दाराजवळ उभी होती. म्हणाली, हीपण ने."

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"तू विचारलंस, का उचललीत. कुणी दिली ते कुठे विचारलंस?"

माझं डोकं असं फिरलं! पण बोलण्यात अर्थ नव्हता. मी ती चिठ्ठी सासूबाईंपुढे धरली. त्यांनी चष्म्यातून पाहिलं, स्वतःचंच अक्षर, आणि मान खाली घातली.

"तुम्ही ऐकलंत त्या दिवशी," मी म्हटलं.

"भिंतीपलीकडेच होते मी."

"मग मला रागवायचं! भांडायचं! हे असं गुपचूप देव घराबाहेर काढायचे?"

"काय भांडू? तुझं खोटं थोडंच होतं?" त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर तू दिले असतेस, ते मी डोळ्यांदेखत दिले. माझ्यामागे डब्यात काळे पडून राहण्यापेक्षा बरं."

"नाही राहणार. चला, घेऊन जाऊ. उद्या वास्तुशांत आहे."

"थांब." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "उद्याचं सोड. गुरुजी सुपारी मांडतील. मला एक सांग. माझ्यामागे करशील? मनापासून? आणि खरं सांग, चारू. माझं समाधान म्हणून खोटं बोलून त्यांना परत नेऊ नकोस."

मी विद्याधरकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा."

"अहो, देव तुमच्या घराण्याचे आहेत! तुमच्या! मी रत्नपारख्यांची सून झाले ती एकोणीस वर्षांपूर्वी, तुम्ही जन्मापासून रत्नपारखी आहात!" मी ओरडले. "तुम्ही का नाही म्हणत, मी करीन म्हणून? भंडारा वाहायला काय पदवी लागते?"

ते चष्मा काढून पुसायला लागले. त्यांनाही ते लागलं असावं, पण मला तेव्हा दयामाया नव्हती.

सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. कारभारी ताटली धरून उभा. हो म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द. एकोणीस वर्षं तेच तर म्हणत आले होते. हो आई, करते आई, झालंच आई.

"नाही," मी म्हटलं. "नाही होणार माझ्याकडून, आई. मला नाही आवडत ते. तुमच्यासाठी केलं. तुमच्यामागे मी कुणासाठी करू?"

बोलले आणि मला रडू फुटलं. भर उद्यानात, शाळेतल्या कुणा पालकाने पाहिलं तर काय, याचाही विचार राहिला नाही. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी माझी पाठ थोपटली, पोराची थोपटावी तशी, आणि कारभारीला म्हणाल्या, "कुठलं गाव तुमचं?"

"सिन्नरकडचं, आजी."

"घर?"

"हे काय, मागच्या फाटकाला लागूनच."

"बायको करेल?"

"तीच तर मागं लागली, देऊ नका म्हणून. पण मी म्हटलं, कुणी आलं तर द्यावेच लागतील."

"नाही द्यायचे," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू दे त्यांच्या हातात."

"मी? मी कशी देऊ? तुम्ही द्या."

"एकोणीस वर्षं भरीत कुणी भाजलं? तू दे."

मी ती ताटली कारभारीकडून घेतली, त्यातली चिमूटभर हळद चौघांना लावली, पुसट नाकडोळ्यांच्या चौथ्यालाही लावली आणि ताटली परत त्याच्या हातात दिली. तो खाली वाकला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणाला. विद्याधर उठून उभे राहिले होते. त्यांनीही ते म्हटलं, अगदी हळू.

परत येताना सासूबाई एकाही फलकाशी थांबल्या नाहीत. तळ्याशी आल्यावर म्हणाल्या, "आज पहिल्यांदा खरं बोललीस माझ्याशी."

मी नाक पुसत होते.

"आता तसंच बोलत जा," त्या म्हणाल्या. "आणि फोनवर जरा हळू बोल."

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. गुरुजींनी टाकांच्या जागी चार सुपाऱ्या मांडल्या. कुणी काही विचारलं नाही. तीन आठवड्यांनी चंपाषष्ठी आली, तशा सासूबाई सकाळपासून अस्वस्थ. "त्याच्या बायकोला रोडगा जमत असेल का गं? जाड थापावा लागतो." मी दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा उठले. दोन किलो वांगी भाजली, रोडगे केले आणि डबा घेऊन आम्ही दोघी त्या सोप्या वाटेने कारभारीच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला रोडगा उत्तम जमत होता. आमच्यापेक्षा चांगला.

सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं होत्या. दर रविवारी आम्ही दोघी त्या वाटेने जायचो. आधी चालत, शेवटची दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत. आमचं भांडण व्हायचं. रोज व्हायचं आणि मोठ्याने व्हायचं. ती नऊ वर्षं आधीच्या एकोणिसांपेक्षा मला जास्त आठवतात. त्या गेल्यावर वाटलं, आता सुटलो रविवारच्या फेरीतून. पण पहिल्याच रविवारी विद्याधर बूट घालून दारात उभे. "चल ना," म्हणाले. मागच्या फाटकाने जाऊ या, असंही म्हणाले. निदान तेवढं तरी त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

गेल्या वर्षीच्या चंपाषष्ठीची गोष्ट. कारभारी आता थकलाय, खाटेवर असतो. तिथूनच माझ्या भरतात मीठ कमी आहे म्हणून सांगतो. त्याची सून पूनम दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी करून येते आणि वांगी भाजायला बसते. आम्ही निघालो तशी ती दारापर्यंत सोडायला आली आणि मागे वळून बघत हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला म्हणून सांगते. आप्पांच्या मागं माझ्याकडून नाय व्हायचं हे."

मी तिथेच थांबले. "त्यांना सांगितलंस?"

"नाय हो! कसं सांगू?"

"तोंडाने सांगायचं. आजच सांग, जेवणं झाल्यावर. ते चिठ्ठी लिहीपर्यंत थांबू नकोस."

चिठ्ठी कसली ते तिला कळलं नाही. ती पदराला हात पुसत उभी राहिली. डोळे झोपेने लाल झालेले. "सांगते," म्हणाली. "पण मग देव कुठं जातील, मावशी? परत त्या वडाखाली?"

"वडाखाली कशाला? मी आहे ना!"

माझ्या तोंडून निघून गेलं. कुणी विचारलं होतं मला? पासष्टी उलटली, गुडघे गेले, घरात कोनाडा नाही, आणि म्हणे मी आहे ना! विद्याधर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बघता काय? चला." आणि सबंध वाटभर स्वतःवर चडफडत, एकाही बाकावर न बसता, घरी आले.